खुले पत्र: यंत्र बसले म्हणून गाव आर्सेनिकमुक्त होत नाही

प्रति,
पाणीपुरवठा योजना मंजूर करणारे अधिकारी, भूजल विभागांचे प्रमुख, योजनांना पैसा पुरवणाऱ्या संस्था आणि पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करणारे अभियंते यांस,

स. न. वि. वि.

आर्सेनिकबाधित गावात शुद्धीकरण यंत्र उभे राहिले, पाणी सुरू झाले, पूर्णत्वाचा दाखला निघाला, की त्या गावाचे नाव बाधित गावांच्या यादीतून वगळायचे, ही पद्धत आम्हाला मान्य नाही. हे पत्र त्यासाठीच आहे. नाव वगळले की नमुने घेणे थांबते, देखभालीचा पैसा थांबतो, आणि यंत्रातल्या शोषकाची, म्हणजे आर्सेनिक धरून ठेवणाऱ्या पदार्थाची, ताकद संपल्यावरही लोक विश्वासाने तेच पाणी पीत राहतात. आर्सेनिक या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. यंत्र बंद पडले तर निदान कळते तरी. यंत्र चालू आहे, पाणी नितळ आहे आणि आर्सेनिक मात्र जसेच्या तसे बाहेर पडते आहे, हे तपासणीशिवाय कुणालाच कळत नाही.

आम्ही हे नमुने घेणारे, तपासणारे आणि ही यंत्रे चालती ठेवणारे लोक आहोत. अहवालावर सह्या आमच्या असतात. एका दिवसाच्या नमुन्यावर केलेली सही पुढे वर्षानुवर्षे गाव सुरक्षित असल्याचा पुरावा म्हणून दाखवली जाते. त्यामुळे हे पत्र फक्त तुमच्या टेबलावर न ठेवता सगळ्यांसमोर ठेवत आहोत.

आकड्यांबद्दल वाद नाही, तो आधी बाजूला काढू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मार्गदर्शक मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. भारतीय मानक आयएस १०५०० मध्येही स्वीकार्य मर्यादा १० च आहे. बांगलादेशात अजून ५० चालते. १० मायक्रोग्रॅम म्हणजे हजार लिटर पाण्यात दहा मिलिग्रॅम. एवढ्याशा प्रमाणाची काळजी का करायची, असा प्रश्न बैठकांमध्ये आजही येतो. त्याचे उत्तर बांगलादेशातल्या अराईहजार भागात सुमारे बारा हजार लोकांच्या दीर्घकालीन अभ्यासाने २०१० साली दिले: तिथल्या मृत्यूंपैकी सुमारे एकपंचमांश मृत्यूंचा संबंध १० पेक्षा जास्त आर्सेनिक असलेल्या पाण्याशी लागला. तळहात-तळपायांवरचे खडबडीत घट्टे आणि छाती-पाठीवरचे काळे-पांढरे ठिपके दिसायला पाच-दहा वर्षे लागतात. फुप्फुसाचा आणि मूत्राशयाचा कर्करोग त्याहून उशिरा येतो. चिलीतल्या अँटोफगास्टा शहराला १९५८ ते १९७० या काळात ८०० मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक असलेले पाणी मिळाले. १९७० मध्ये शुद्धीकरण सुरू झाले, तरी या कर्करोगांचे मृत्यू पुढे कित्येक दशके चढेच राहिले. आज तुमच्या दप्तरात जी दिरंगाई होते, तिची किंमत तीस वर्षांनी कुणाच्या तरी शरीरात दिसणार आहे.

हा विषय नवाही नाही. १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांमध्ये आर्सेनिकचा हा आजार ओळखला. १९९३ मध्ये बांगलादेशात, २००२ मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात विहिरींमधले आर्सेनिक उघड झाले. चार दशकांत काय चालते आणि काय फसते, हे पुरते कळलेले आहे. ते माहीत असूनही जुन्याच चुका नव्या निविदांमध्ये उतरतात, हे आमचे दुखणे आहे.

तपासणी

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले आर्सेनिक कारखान्यातून आलेले नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या ऑक्साइडच्या कणांवर ते चिकटलेले असते. त्याच गाळात कुजका सेंद्रिय पदार्थ असतो. तो खाताना जिवाणू आधी प्राणवायू संपवतात आणि मग लोहाच्या ऑक्साइडवर येतात; लोह विरघळते आणि त्याला धरून बसलेले आर्सेनिक पाण्यात सुटते. म्हणून वरच्या थरांतली करडी-काळी वाळू धोक्याची आणि खालची जुनी पिवळसर-तांबूस वाळू बहुधा निर्धोक. कूपनलिका खोदणारे कारागीर हा रंगाचा फरक डोळ्यांनी ओळखतात. वाळूचे हे थर मात्र सलग नसतात. एकमेकांपासून पंचवीस-तीस मीटरवरच्या दोन हातपंपांपैकी एकात ३०० आणि दुसऱ्यात ५, असे सर्रास आढळते.

याचा सरळ अर्थ असा की गावाची 'सरासरी' काढून उपयोग नाही. गावात तीन नमुने घेऊन नकाशावर रंग भरणे म्हणजे निम्म्या घरांना खोटा दिलासा आणि उरलेल्यांना विनाकारण भीती. प्रत्येक पंप तपासावाच लागतो. बांगलादेशाने २००० सालच्या आसपास सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून लाल-हिरव्या रंगवल्या, हे अफाट काम होते. पण रंग पुसला गेला, नंतर खोदलेल्या विहिरी तपासल्याच गेल्या नाहीत, आणि मोहीम संपली. खोदाई चालूच राहणार असेल तर तपासणीही चालू राहिली पाहिजे.

नमुना कसा घेतला जातो, हे तुमच्यापैकी कुणीतरी एकदा विहिरीवर उभे राहून पाहावे. ४० मिलिमीटर व्यासाच्या, ३० मीटर खोल पाइपात सुमारे ३८ लिटर पाणी उभे असते. ते काढून टाकल्यावर जे येते ते खऱ्या अर्थाने भूजल. पंपाचे दोन हात मारून भरलेली बाटली पाइपातल्या शिळ्या पाण्याची असते. त्याहून मोठी चूक पुढे होते. बाटलीत आम्ल न घालता नमुना प्रयोगशाळेकडे पाठवला जातो. भरताना स्वच्छ दिसणारे पाणी काही तासांत पिवळसर होते आणि दुसऱ्या दिवशी तळाशी नारिंगी साका बसतो. हवा लागल्याने लोह बाहेर पडते आणि जाताना आर्सेनिक सोबत घेऊन जाते. प्रयोगशाळेत वरचे नितळ पाणी तपासले जाते, आकडा कमी येतो आणि विहीर हिरव्या रकान्यात जाते. उपाय साधा आहे: विहिरीवरच शुद्ध नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणायचा. आम्ल थेंबांत लागते, पण ते सामानाच्या यादीत नसते.

यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना गाळून तपासण्याची एक पद्धत रुळली आहे. ती बंद व्हायला हवी. फिल्टरमधून निसटलेले लोहाचे बारीक कण आर्सेनिकने भरलेले असतात, आणि लोक पाणी पितात ते कणांसकट. शुद्ध केलेल्या पाण्यात एकूण आर्सेनिक मोजायचे, न गाळता.

जागेवर वापरायच्या चाचणी संचांना आमचा विरोध नाही. जस्त आणि आम्ल यांनी आर्सेनिकचा आर्सिन वायू होतो, तो मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदाला लागून पिवळा ते तपकिरी डाग पडतो, आणि डाग रंगपट्टीशी जुळवून वाचायचा. ५० च्या वरच्या विहिरी खालच्यांपासून वेगळ्या काढायला हे पुरते. १० च्या आसपास मात्र डोळ्यांवर विसंबता येत नाही. घाई झाली, थंडी असली तर वायू पुरता सुटत नाही. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असला तर खोटा डाग पडतो. त्यासाठीचा शिशाच्या क्षाराचा कापूस किंवा ऑक्सिडक भुकटी 'किचकट' म्हणून वगळली जाते. आर्सिन विषारी आहे. चाचणी उघड्यावर, बाटलीच्या तोंडापासून चेहरा लांब ठेवून करायची, हे गावातल्या स्वयंसेविकेला कुणीतरी सांगायला हवे. वापरलेल्या कागदात पारा असतो, तो वेगळा जमा करावा लागतो. आणि दर वीस नमुन्यांमागे एक कोरा (आर्सेनिक नसलेल्या शुद्ध पाण्याचा), एक ठाऊक प्रमाणाचा आणि एक दुबार नमुना नसेल, तर त्या आकड्यांवर कुणीही सही करू नये. आम्हालाही ती करायला सांगू नये.

उपायांचा क्रम उलटा झाला आहे

बाधित गाव म्हटले की पहिला प्रस्ताव यंत्राचा येतो. वास्तविक यंत्र शेवटी यायला हवे. सगळे पंप तपासल्यावर अनेक गावांत चालण्याच्या अंतरावर चांगली विहीर निघते. तिच्यावर पाटी लावणे, मालकाशी बोलून ती इतरांना खुली करणे, तिथे सांडपाण्याचा निचरा करणे, हे स्वस्तातले आणि लगेच होणारे काम आहे. पाटीवर नुसता रंग नको, आकडा हवा. ४०० ची विहीर पिणाऱ्या घराला ६० ची विहीर जवळ असेल, तर सुरक्षित पाणी येईपर्यंत तिकडे वळण्यातही फायदा आहे, पण दोन्ही पंप लाल रंगवले तर ते कळणार कसे?

नदी-तलावाचे पाणी नळाने आणणे हा टिकाऊ उपाय असू शकतो, पण त्यातले जंतू मारण्याची व्यवस्था रोज चालली पाहिजे. अतिसार टाळण्यासाठीच लोकांना उघड्या पाण्यावरून हातपंपांवर आणले होते, हे विसरून चालणार नाही. पर्याय न देता पंपाला कुलूप लावून निघून जाणाऱ्यांनी एक आजार काढून दुसरा दिला आहे.

गाळाच्या खोऱ्यांत खोल कूपनलिका, साधारण १५० मीटरच्या खाली, बहुतेक ठिकाणी चांगले पाणी देते. इथे दोन गोष्टी बिघडतात. वरच्या दूषित थरातून भोक पाडत खाली जाताना पाइप आणि भोकाची भिंत यांच्यामध्ये पोकळी राहते. ती वाळूने भरून टाकली की वरचे पाणी तिथूनच खाली झिरपते. चिकणमातीच्या थरापाशी बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी माती) किंवा सिमेंटची घट्ट सील लागते. निविदेत ती असते, मोजमाप पुस्तकातही असते. ती प्रत्यक्ष भरली जात असताना तुमचा माणूस तिथे हजर असतो का, हा आमचा प्रश्न आहे. दुसरी गोष्ट शेतीची. खोल थरावर सिंचनाचे मोठे पंप बसले तर वरचे दूषित पाणी खाली ओढले जाऊ शकते. तो थर पिण्यासाठी राखून ठेवण्याचा नियम लिखित हवा आणि पाळलेला हवा. आणि सार्वजनिक पैशाची खोल विहीर वजनदार माणसाच्या अंगणात जाऊ नये. जागा तपासणीच्या नकाशावरून ठरवा: जिथे सर्वाधिक घरांना चांगले पाणी नाही, तिथे.

यंत्रे का फसतात

पश्चिम बंगालमध्ये अकरा उत्पादकांच्या यंत्रांची दोन वर्षे पाहणी झाली. २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकही यंत्र पाणी सातत्याने १० च्या खाली ठेवू शकले नाही. तंत्र खोटे नव्हते. प्रयोगशाळेत ही सगळी माध्यमे, म्हणजे आर्सेनिक धरणारे शोषक, काम करतात. गावात फसतात त्याची कारणे ठरलेली आहेत.

पाण्यात आर्सेनिकची दोन रूपे असतात, त्रिसंयुजी आणि पंचसंयुजी; भूजलातले बरेचसे त्रिसंयुजी असते. पीएच ९ च्या खाली त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून ते लोहाच्या किंवा ॲल्युमिनाच्या पृष्ठभागाला नीट धरत नाही आणि आरओच्या पडद्यातूनही बऱ्याच प्रमाणात निसटते. आधी त्याचे पंचसंयुजी आर्सेनिक करावे लागते. नुसती हवा त्यासाठी फार मंद आहे. क्लोरीन एका मिनिटाच्या आत काम करते. हिशेब करताना मात्र फक्त आर्सेनिक धरले जाते. एक मिलिग्रॅम आर्सेनिकला साधारण एक मिलिग्रॅम क्लोरीन लागते हे खरे, पण पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम लोह असेल तर तेच आधी तीन मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन खाते. अमोनिया असेल तर क्लोरामाइन बनते, आणि क्लोरामाइनने त्रिसंयुजी आर्सेनिक जवळजवळ बदलतच नाही. अशा पाण्याला पोटॅशियम परमँगनेट बरे, पण तेही मोजून, नाहीतर पाणी गुलाबी येते आणि लोक नळ सोडून देतात. ब्लीचिंग पावडर उघड्या पोत्यात दमट खोलीत पडली की तिची ताकद उतरते. कागदावरची मात्रा आणि पाण्यातली मात्रा यांचा मग संबंध राहत नाही. म्हणून यंत्रासोबत क्लोरीन मोजण्याचा संच आणि तो वापरणारा माणूस हवाच.

पुढे मापाची चूक. हजार वस्तीच्या गावाला माणशी दहा लिटर पिण्या-स्वयंपाकाचे धरले तर दिवसाला १०,००० लिटर. १०० लिटर शोषकाची टाकी घेतली आणि पाणी दहा तास सारखे वाहिले, तर पाण्याचा माध्यमाशी संपर्क सहा मिनिटे होतो, हे ठीक. पण लोक पाणी भरतात सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. तेवढ्यात १०,००० लिटर काढायचे म्हटल्यावर संपर्क जेमतेम अडीच मिनिटांवर येतो, आणि आर्सेनिक धरायला वेळच मिळत नाही. उपाय म्हणजे शुद्ध पाण्याची साठवण टाकी आणि दिवसभर संथ चालणारा पंप. खर्च कमी करताना नेमकी हीच टाकी वगळली जाते.

त्याच हिशेबात माध्यमाचे आयुष्यही पाहा. १०० लिटरच्या थरातून रोज १०,००० लिटर म्हणजे दिवसाला शंभर थर-घनफळे, म्हणजे थराच्या आकारमानाच्या शंभर पट पाणी. उत्पादक वीस हजार म्हणतो, तर दोनशे दिवस चालेल. पण तो आकडा त्याच्या चाचणीच्या पाण्याचा. तुमच्या पाण्यात फॉस्फेट आणि सिलिका भरपूर असतील, तर तीही माध्यमावरच्या आर्सेनिकच्याच जागा अडवतात. आठ हजारांवरच माध्यम भरले तर ऐंशी दिवसांत ते निकामी होते. करारात बदलण्याची मुदत एक वर्ष लिहिलेली असते. उरलेले दोनशे पंच्याऐंशी दिवस लोक काय पितात, याचे उत्तर त्या करारात नाही. निविदेआधी त्या विहिरीच्या पाण्यातले फॉस्फेट, सिलिका, लोह, अमोनिया, सल्फेट आणि पीएच मोजा. सक्रिय ॲल्युमिना पीएच ५.५ ते ६ ला उत्तम चालते, आठला तिची क्षमता पार घसरते. आयन-विनिमयाचे साधे रेझिन (पाण्यातले भारित कण धरून बदल्यात दुसरे सोडणारे दाणे) सल्फेटला आर्सेनिकपेक्षा जास्त पसंती देते. ते भरल्यावर आधी धरलेले आर्सेनिक एकदम सोडते, आणि तेव्हा बाहेरच्या पाण्यात आतल्यापेक्षा जास्त आर्सेनिक असू शकते. लोहाचे (फेरिक) क्षार घालून साका बसवण्याच्या पद्धतीत लोहाचे वजन आर्सेनिकच्या किमान वीसपट हवे, फॉस्फेट असेल तर त्याहून बरेच जास्त. हे एकदा बीकरमध्ये त्याच पाण्यावर करून पाहिले की कळते.

एक टाकी बसवण्याऐवजी दोन टाक्या एकामागे एक बसवा, आणि दोघींच्या मध्ये नमुन्यासाठी तोटी ठेवा. पहिल्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी १० च्या वर गेले तरी दुसरी ते अजून अडवते आहे. तेव्हाच पहिलीतले माध्यम बदलायचे, दुसरीला पुढे आणायचे. इतकी साधी गोष्ट आहे. एकाच टाकीच्या यंत्रात ज्या दिवशी बिघाड कळतो, त्या दिवसाआधी कितीतरी आठवडे लोक ते पाणी प्यायलेले असतात. माध्यमाआधी लोह काढणारा वाळूचा थर आणि रोजचे बॅकवॉश (उलट दिशेने पाणी सोडून धुणे) नसेल, तर लोहाचा चिकट थर साचून पाणी एकाच बाजूने वाट काढते आणि बाकीचे माध्यम न वापरता राहते.

गाळ

यंत्राने आर्सेनिक नष्ट होत नाही, एका जागी जमा होते. वरच्याच हजार वस्तीच्या गावाचा हिशेब: लिटरला २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक आणि ५ मिलिग्रॅम लोह असेल, तर वर्षाला सुमारे ३५ किलो कोरडा लोहाचा गाळ निघतो आणि त्यात पाऊण किलोच्या आसपास आर्सेनिक असते. हा गाळ बॅकवॉशच्या पाण्यातून गटारात, गटारातून तळ्यात जातो. तळ्याच्या तळाला प्राणवायू नसतो, कुजका पाला असतो, जिवाणू असतात. म्हणजे जी क्रिया जमिनीखाली आर्सेनिक सोडते, तीच आपण यंत्राच्या दाराशी पुन्हा सुरू करतो. बंद खड्ड्यात पुरण्याचाही तोच परिणाम. गाळ पक्क्या तळाच्या, छप्पर असलेल्या, हवा खेळती राहील अशा जाड वाळूच्या वाफ्यावर वाळवायचा, वजन करून नोंदवायचा, आणि सिमेंटमध्ये बांधण्यासाठी किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राकडे न्यायचा. 'विल्हेवाट ठेकेदाराने लावावी' या एका ओळीत हे सगळे बसत नाही.

लोकांना काय सांगितले जाते

पाणी उकळा, हा सल्ला जंतूंसाठी बरोबर आणि आर्सेनिकसाठी चूक आहे. उकळल्याने पाणी आटते आणि आर्सेनिकचे प्रमाण वाढते. क्लोरीनची गोळी, कँडलचा फिल्टर, अतिनील दिवा यांनी आर्सेनिक जात नाही. बाधित पाण्याने आंघोळ आणि धुणे चालते, कारण त्वचेतून ते फारसे शिरत नाही. स्वयंपाकाला मात्र ते अजिबात चालत नाही. एवढी माहिती जरी गावागावात नीट पोचली तरी मर्यादित सुरक्षित पाणी योग्य ठिकाणी वापरले जाईल. आणि हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे अधिकाऱ्याच्या तोंडून जाहीरपणे सांगितले गेले पाहिजे. हातावर घट्टे असलेल्या माणसांना, विशेषतः मुलींना, याची झळ पाण्याइतकीच बसते. विषावर उतारा म्हणून खात्रीचे औषध नाही; दूषित पाणी थांबवणे हाच उपचाराचा पाया आहे. लवकर थांबवले तर त्वचेवरच्या खुणा कमीही होतात.

आमच्या मागण्या

१. यंत्र बसवले या कारणावरून एकाही गावाचे नाव बाधित यादीतून वगळू नये. सलग बारा महिने नळावरचे, न गाळलेले, आम्ल घातलेले नमुने १० मायक्रोग्रॅमच्या खाली आले आणि पुढच्या पाच वर्षांच्या चालवणुकीची तरतूद लेखी असली, तरच विचार व्हावा. आजवर वगळलेल्या गावांचे नमुने येत्या सहा महिन्यांत पुन्हा घ्यावेत.

२. बाधित भागातला प्रत्येक पिण्याचा पंप तपासावा, खाजगी असला तरी. त्यावर क्रमांक, खोली, तारीख आणि आकडा कोरलेली धातूची पाटी लावावी. नवी कूपनलिका खोदणाऱ्याला तपासणी सहज आणि विनामूल्य मिळावी. शाळा आणि अंगणवाड्यांपासून सुरुवात करावी.

३. शुद्धीकरणाची निविदा काढण्याआधी त्या पाण्याचे पूर्ण रासायनिक विश्लेषण आणि त्याच पाण्यावरची चाचणी सक्तीची करावी.

४. उत्पादकाला पैसे यंत्रासाठी न देता, मानकात बसणाऱ्या पाण्यासाठी टप्प्याटप्प्याने द्यावेत. नमुना तिसऱ्याच प्रयोगशाळेने, आगाऊ न कळवता घ्यावा.

५. प्रत्येक यंत्राला पगारी, प्रशिक्षित चालक असावा. दोन टाक्या, मधली तोटी, साठवण टाकी आणि गाळाचा वाफा यांच्याशिवाय आराखडा मंजूर होऊ नये.

६. खोल विहिरीची सील भरताना अभियंत्याची हजेरी छायाचित्रासह नोंदवावी. एक महिन्याने, सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी आर्सेनिक व क्लोराइड तपासावे. वाढ दिसली तर विहीर त्याच आठवड्यात बंद करून पर्यायी पाणी पोचवावे.

७. सगळे आकडे, वाईट आलेले तर आवर्जून, ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि पंपाजवळच्या फलकावर लावावेत.

या सात मुद्द्यांवर प्रत्येक कार्यालयाने तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे: कोणता मुद्दा मान्य, कोणता अमान्य, अमान्य असल्यास कारण काय, आणि मान्य मुद्द्याची जबाबदारी कोणत्या पदाकडे. नमुने घ्यायला, चालकांना शिकवायला आणि आराखडे तपासायला आम्ही तयार आहोत.

आपले,
भूजलाची तपासणी आणि शुद्धीकरणाचे काम करणारे आम्ही